बावीस मजल्यांची शिट्टी

आमच्या सोसायटीत कुणी गजर लावत नाही. पहाटे पाच चाळीसला नळाला पाणी येतं आणि तळमजल्यावरच्या कांबळे बाई पंप चालू करून अशी काही शिट्टी फुंकतात, की विश्रांतवाडीतली विश्रांती तिथल्या तिथे संपते.

शिट्टी खरीखुरी, पितळी. बाईंनी शाळेत पस्तीस वर्षं पीटी घेतली. एक लांब शिट्टी म्हणजे पाणी आलं. दोन आखूड म्हणजे आटपा, जायला आलंय. आणि लांब शिट्टीनंतर प्रत्येक घराने खिडकीतून आपला नंबर ओरडायचा. हो, हजेरी! एक नंबर बाईंचा स्वतःचा, त्यामुळे सुरुवात दोनपासून. "दोन नंबर, हजर!" "तीन नंबर, हजर!" मी सात नंबर, आडनाव वैद्य. मी बँकेत मॅनेजर आहे, दोन मुलांचा बाप आहे, सोसायटीचा सेक्रेटरीही आहे. पण पाच चाळीसला तोंडात ब्रश धरून मी फक्त "शात नंबल, हजल" असतो.

"सात नंबर, तोंडातलं काढून बोला!" खालून आवाज येतोच.

एका रविवारी मी मुद्दाम गप्प बसलो. दीड मिनिटात बेल. दारात बाई, अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी.

"ताप आहे?"

"नाही हो बाई."

"मग आवाज कुठे गेला?"

बायको आत तोंडात पदर कोंबून हसत होती. तिचं मत कायम तळमजल्याच्या पारड्यात.

तर आमच्या या सोळा घरांच्या तीन मजली इमारतीवर एका बांधकाम कंपनीची नजर पडली. इमारत पाडायची आणि बावीस मजली टॉवर उभा करायचा. आमची सोळा घरं, शिवाय दीडशे नवी. पंधरा घरं हरखली. उरलं एक नंबर. तिथून एकच प्रश्न: "पाण्याचं काय?"

कुणी म्हणालं, जिम होणार. "पाण्याचं काय?" कुणी म्हणालं, पोहायचा तलाव. "तो भरणार कशाने, घामाने? खडकवासल्याला तुमच्यासाठी दुसरं धरण बांधलंय का?" बरं, चुकीचं बोलत होत्या असंही नाही. सोळा घरांना पाऊण तास पाणी पुरवताना आमचा पंप धापा टाकतो.

सभा पार्किंगमध्ये झाली. कंपनीचे साहेब कोट घालून, पडद्यावर चित्रं दाखवायला आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या आजोबांना आम्ही खुर्चीसकट खाली आणलं होतं. ते म्हणाले, "बाई, दोन वर्षांत मी आज दुसऱ्यांदा खाली आलोय. मला लिफ्ट हवी हो."

बाई क्षणभर घुटमळल्या. मग साहेबांकडे वळल्या. "आणि वीज गेली, लिफ्ट बंद पडली, पाणी नाही, तर? बावीस राहू द्या, आधी तीन मजले करून बघू. कोट काढा!"

साहेबांना वाटलं गंमत आहे. फुर्रर्र! शिट्टी वाजली आणि कसं कोण जाणे, त्या माणसाने खरोखर कोट काढला. शाळेत खाल्लेल्या शिट्ट्या अंगात मुरलेल्या असतात. दोन भरलेल्या बादल्या घेऊन साहेब जिना चढले, मागून बाई: "पाठ सरळ! सांडायचं नाही!" आम्ही खाली टाळ्या पिटत होतो. आजोबा तर लहान मुलासारखे खिदळत होते.

साहेब घामाघूम होऊन उतरले. म्हणाले, "मॅडम, नव्या इमारतीत सगळं आपोआप असतं. टाकी रिकामी झाली की पंप आपला आपण सुरू होतो. कुणालाच काही बघावं लागत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

बाई खाली बसल्या. सभा संपेपर्यंत 'पाण्याचं काय' त्यांनी एकदाही विचारलं नाही. आम्हा शहाण्यांना वाटलं, जिंकलो. पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला मी सवयीने जागा झालो. पंपाची घरघर ऐकू येत होती, शिट्टी मात्र नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आम्ही रोज हजर म्हणायचो, पण त्या एकट्या बाईची हजेरी आजवर कुणी घेतली होती? मी खिडकीतून ओरडलो, "एक नंबर!"

एक नंबरची खिडकी बंदच.

वरून आजोबांनी खोकत हाक दिली, "एक नंबर!" मग दोन नंबर, पाच नंबर, माझी बायको, सगळ्या खिडक्या. "एक नंबर! ओ बाई!"

खालची खिडकी उघडली. "हजर," बाई म्हणाल्या. आवाज बसला होता.

मी तसाच पायजम्यात खाली धावलो. बाईंचे डोळे सुजले होते. म्हणाल्या, "वैद्य, दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसतं. सकाळी पंधरा जण हजर म्हणतात, त्यावर माझा दिवस निघतो. आता पंपही आपोआप." मग नाक पुसून हात पुढे केला. "आणा तो संमतीचा अर्ज. आजोबांना किती दिवस वर कोंडून ठेवायचं?"

अर्जात पसंतीचा मजला लिहायचा होता. बाकी सगळ्यांनी डोळे मिटून बाविसावा लिहिला होता. बाईंनी लिहिलं, अकरावा.

"अकरावा का हो?"

"मधला आहे. शिट्टी वर आणि खाली सारखी जाईल." सही करून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "दीडशे नवी घरं, वैद्य. सवय लागायला दिवस लागतील."

"बाई, पण यापुढे हजेरी एकपासून," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गळ्यातली शिट्टी ओठाला लावली आणि माझ्या कानाशीच दोन आखूड फुंकल्या.

"सात नंबर, उभे काय राहिलात? पाणी जायला आलंय. पळा!"