मित्रासाठी वेल्डिंग मशीन

खुर्चीवर चढून माळ्यावरचं काही काढू नका, असं सुनेने सासरेबुवांना बजावून ठेवलं होतं. ते चढले आणि लोखंडी खुर्चीने एक पाय सोडला. लागलं काही नाही, पण मोडलेली खुर्ची सुनेला दिसून चालणार नव्हतं. सून कारखान्यात वेल्डिंग तपासण्याच्याच कामावर. गल्लीतला वेल्डरही तिच्या ओळखीचा. त्याच्या पोटात काही राहिलं नसतं.

तेव्हा आपणच छोटंसं मशीन घ्यावं आणि गुपचूप पाय जोडून टाकावा, असं ठरवून त्यांनी खुर्ची लपवली आणि दुकान गाठलं. दुकानदाराने विचारलं, रॉडवालं हवं की वायरवालं? घरच्या लाइनवर चालवणार का? पत्रा किती जाड? सासरेबुवांची उभी हयात पोस्टात गेलेली. त्यांनी बाजूला जाऊन सुनेलाच फोन लावला.

"अगं, माझ्या एका मित्राला घरी वेल्डिंग मशीन घ्यायचंय. कोणतं घ्यावं?"

"कोण मित्र?"

घाईत त्यांनी शेजारच्या निवृत्त ग्रंथपालांचं नाव सांगून टाकलं. सून म्हणाली, त्यांना घाई करू देऊ नका, मी संध्याकाळी त्यांचं वायरिंग बघते.

सासरेबुवा तडक ग्रंथपालांकडे. हे गृहस्थ पेपराची घडीसुद्धा आवाज न करता घालणारे. सगळं ऐकून त्यांनी हळूच विचारलं, "पण मला ते कशासाठी हवंय?"

"तुम्ही फक्त मान डोलवा हो."

संध्याकाळी सुनेने ग्रंथपालांच्या घरी प्लग पाहिले, मीटर पाहिला आणि समजावलं. घरच्या कामाला रॉडवालं लहान इन्व्हर्टर मशीन पुरे. मात्र करंट कमी करता आला पाहिजे. पातळ पाइपला तो जास्त झाला की जोडाऐवजी भोकच पडतं. ग्रंथपाल मान डोलवत होते. मग ती थांबली आणि ते पुढे सरकून विचारू लागले. रॉडला ओल लागली तर? उभा जोड कसा घालायचा? सासरेबुवा खोकले, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

आठवड्याभरात ग्रंथपालांनी खरंच मशीन आणलं. सुट्टीच्या दिवशी सुनेने त्यांना शिकवलं. सासरेबुवांनी सहज म्हणून हात पुढे केला, तर ग्रंथपालांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लांब राहा. चालू आहे ते."

शेवटी सून कामावर गेल्याचं पाहून सासरेबुवांनी मोडकी खुर्ची मुकाट्याने ग्रंथपालांच्या अंगणात नेली. ग्रंथपालांनी मास्क चढवला आणि सासरेबुवांना खुर्चीचा पाय धरून तोंड पलीकडे करायला लावलं. सरळ धरा, हलू नका, श्वास जरा हळू घ्या, अशा सूचना चालू होत्या. जोड पुरा झाला आणि सासरेबुवांनी मान वळवली, तर कामावर गेलेली सून फाटकात उभी.

तिने वाकून जोड निरखला, त्यावर हातोडी वाजवून पाहिली आणि ग्रंथपालांना म्हणाली, "छान बसलाय." मग ती सासऱ्यांकडे वळली. आता काय ऐकावं लागतंय म्हणून ते जमिनीकडे बघत राहिले. तिने पिशवीतून दुसरा मास्क काढला.

"बाबा, हा तुमचा. धरणाऱ्यालाही लागतो."

सासरेबुवांनी तो लगेच चढवला. आतून तोंड दिसत नाही, हे त्यांना फार सोयीचं वाटलं.