खिडकीतला गिटारवाला

गावंडेकाकांच्या घरातला फ्रिज जागचा हलवायचा नाही, कारण त्याच्याशेजारी ड्रमवाला बसतो. पुण्याच्या मुलीनं मोठ्या हौसेनं दोन दारांचा नवा फ्रिज पाठवला होता. तो ठेवायचा तर शेजारची मोकळी जागा जात होती. काका दुकानाच्या माणसाला म्हणाले, "वापस ने बावा. इथं बसणाऱ्याची अडचण होते." त्यानं त्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फ्रिज मुकाट्यानं टेम्पोत चढवला.

काका अमरावतीच्या कोर्टातले निवृत्त वकील आणि मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. दर्यापूरकडे काळी जमीन, घरात कापूस आणि तूर, आणि या गृहस्थांच्या डोक्यात इंग्रजी रॉक संगीत. हॉस्टेलात असताना कुणीतरी एक रेकॉर्ड ऐकवली आणि माणूस कामातून गेला. बरोबरीचे वकील प्लॉट घेत होते तेव्हा काका परदेशी स्टिरिओ घेत होते. स्पीकरच्या पेट्या मात्र परतवाड्याच्या सुताराकडून सागाच्या करून घेतलेल्या. एकेक पेटी अशी, की पाहुण्यांना वाटावं आत दागिने असतील.

बाकीचा विक्षिप्तपणाही भरपूर होता. रस्त्यानं जाताना मी चुकून त्यांच्या डाव्या हाताला गेलो, की बोलता बोलता मागून वळसा घालून ते मला उजवीकडे घेत. समोरच्या वकिलाचं ते ऐकतच नाहीत, अशी कोर्टात त्यांची ख्याती होती. मला हा सगळा वकिली तोरा वाटे.

मे महिन्यात अमरावती आणि अकोला यांच्यात कोण जास्त तापतं याची चुरस लागते. त्या दिवसांत रेकॉर्ड वाकतात. म्हणून कुलरची खोली रेकॉर्डना, आणि काका-काकू हॉलमध्ये पंख्याखाली. गाणं लागलं की तो पंखाही बंद, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डमध्ये मिसळतो. मी नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात कामाला आहे, सोमवारी माझी सुट्टी. सुट्टीच्या दुपारी माणसानं झोपावं. मी घाम पुसत काकांच्या दिवाणावर बसलेला असे.

का जात होतो, ते सांगायला हवं. काका मखमली फडक्यानं रेकॉर्ड पुसत, दोन्ही हातांनी प्लेअरवर ठेवत आणि सुई अशी सोडत, जशी आई झोपलेल्या पोराला खाली ठेवते. आधी नुसती चुरचुर. दूर कुठेतरी ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. मग क्षणभर काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीतून ड्रमचा पहिला ठोका यायचा. तो कानाला कळायच्या आधी तळपायाखालच्या फरशीला कळायचा. मग गाणाऱ्यानं घेतलेला श्वास, अगदी शेजारी बसून घेतल्यासारखा. त्यावर गिटारचा एकच सूर लांबत, पातळ होत जायचा. तो संपला कधी ते कळायचंच नाही. बाहेर कडुनिंबाची सावली अंगणात हलायची, डोळे मिटायचे, आणि आपण अमरावतीत आहोत की कुठल्या धुक्याच्या गावात, काही उमगत नसे. यातलं अर्धं संगीत आणि अर्धं ऊन लागणं असावं, पण मला ते हवंहवंसं वाटे.

त्या हॉलमध्ये बरोबर मधोमध एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर फक्त काकू बसत. समोरच्या भिंतीवर मध्ये देवघर, डावीकडे खिडकी, उजवीकडे फ्रिज, आणि दोन्ही टोकांना त्या सागाच्या पेट्या. काका स्वतः एका स्टुलावर, तेही बाजूच्या भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखे. काकू मांडीवर गवारीच्या शेंगा मोडत बसत आणि मधूनच मोठ्यानं सांगत, "आला खिडकीत." म्हणजे गिटार वाजू लागली. गाणारा देवघराखाली उभा असे, ड्रमवाला फ्रिजशेजारी बसे, आणि खालच्या जाड सुरांच्या बासवाल्याला काकू "पोटात गुरगुरते थो" म्हणत. एका आवडत्या रेकॉर्डच्या शेवटी ती गिटार अख्खी खोली ओलांडून जायची. तेव्हा काकू शेंगा बाजूला ठेवत. "निघाला," त्या म्हणत. "देवावरून चालला. पोचला फ्रिजपाशी." काका भिंतीकडे बघत मान हलवत. मी जरा चुळबुळलो तरी काका म्हणत, "हलू नको बे, गाणं सांडते."

मला वाटे, काका बायकोची परीक्षा घेताहेत. काकू अकोल्याच्या, काका त्यांना अकोलेवालीच म्हणत. वकीलसाहेबांनी अकोलेवालीला साहेबाचं संगीत शिकवलं, अशी मी घरी नक्कलही करत असे. काकू कधी कधी खुर्चीत पेंगत, तोंड उघडं पडे, तेव्हा मला हसू आवरत नसे.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर स्टिरिओवर चादर पडली ती पडलीच. मुलीनं येऊन घराला रंग देऊन घेतला, रंगाऱ्यांनी सगळं सामान बाहेर काढलं, परत आत ठेवलं. फ्रिज मात्र काकांनी उभं राहून जुन्या जागी लावून घेतला. वायरीही त्यांनी स्वतःच जोडल्या.

मग एका सोमवारी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. गेलो तर पंखा बंद, चादर काढलेली, आणि ते मला म्हणाले, "बस तिच्या खुर्चीवर." मला अवघड वाटलं, पण बसलो. ते स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले. तीच रेकॉर्ड लागली. चुरचुर, शांतता, तळपायाला ठोका. त्या खुर्चीतून मी प्रथमच ऐकत होतो. दिवाणावरून जे एका बाजूचं वाटे, ते इथं खोलीभर मांडून ठेवलेलं होतं. प्रत्येक वाजवणाऱ्याला बोट दाखवता आलं असतं.

"कुठी हाय गिटारवाला?" काकांनी विचारलं.

मी डोळे मिटूनच खरं ते सांगितलं. "फ्रिजपाशी, काका."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, वर ड्रमवाला खिडकीत आहे म्हणालो. काकांनी उठून सुई उचलली. चेहरा असा झाला होता, की मला वाटलं यांना चक्कर येते आहे.

"मले डावा कान नाही," ते म्हणाले. लहानपणी गालफुगी झाली आणि तो कान कायमचा गेला. कोर्टात कळलं तर पक्षकार येणार नाहीत म्हणून जन्मभर लपवलं. दोन कानांच्या माणसाला गाणं खोलीभर पसरलेलं ऐकू येतं म्हणतात, त्यांना मात्र, भिंतीकडे तोंड करून चांगला कान पेट्यांकडे धरला तरी, ते सारं एकाच पोत्यात भरल्यासारखं येई. म्हणून लग्न झाल्यावर काकूंना खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, तू आयक आणि मले सांग. त्या जन्मभर सांगत आल्या.

"मले कधी कधी वाटे, बाई माह्यं मन राखून राहिली," काका म्हणाले. "पेंगे बी ना थे. पण इचाराची हिंमत नाही झाली. आज इचारलं, तं तू फ्रिजपाशी म्हणते."

माझी ती नक्कल आठवली आणि लाज वाटली. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी स्टिरिओच्या मागे वाकलो, खिडकीकडच्या पेटीची वायर हातानं चाचपत आलो. ती उजव्या खाचेत गेली होती. फ्रिजकडची डाव्या. रंगकामानंतर काकांनीच उलटी जोडली होती, आणि एका कानाला ते कळायला मार्ग नव्हता. मी दोन्ही बदलल्या, सुई ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसलो.

"आला खिडकीत, काका."

रेकॉर्ड शेवटाकडे आली. मी सांगायला तोंड उघडणार, तोच भिंतीकडे बघत ते हळूच म्हणाले, "निघाला." आणि त्याच क्षणी गिटार खिडकीतून निघाली. "देवावरून चालला," काका म्हणाले, आणि ती देवावरून चालली होती. "पोचला फ्रिजपाशी." ती पोचली होती. एक सूरभरही पुढेमागे नाही.

"बरोबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाव काका. सगळं बरोबर हाय."

त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं. खांदे हलत होते.

"मंग जागी होती अकोलेवाली," ते म्हणाले.