बादली गार होईपर्यंत

बंदरावरच्या हवामान कार्यालयाच्या साहेबांना मिळणार होतं ते एवढंच : समुद्राकडे खिडकी असलेली खोली, हाताची खुर्ची आणि दारावर पितळी पाटी. अट एकच होती. सलग दहा वर्षं कार्यालयाच्या नोंदींत सरासरीबाहेरचा आकडा येता कामा नये. नऊ वर्षं निर्विघ्न पार पडली. दहाव्या वर्षी समुद्राने घोळ घातला.

नोंदीच्या बाई रोज सकाळी धक्क्यावरून बादली सोडत, पाणी ओढत आणि त्यात तापमापक बुडवत.

"बाई, हे एकोणतीस काय आहे?"

"पाण्याचं तापमान, साहेब."

"रकाना चोवीस ते सव्वीसचा आहे."

"ते रकान्याला ठाऊक. समुद्राला कुणी कळवलंय?"

साहेबांनी ही सूचना गांभीर्याने घेतली. किनाऱ्यालगत दरवर्षी थंड पाण्याचा प्रवाह यायचा. त्याला ढकलणारे वारे मंदावले, तसा तो लांबूनच वळून जाऊ लागला. पाणी तापलं, मासे खोल गेले, आणि तापल्या पाण्यावर वादळं बाळसं धरू लागली. कार्यालयाने प्रवाहाला कारणे दाखवा नोटीस काढली : पूर्वपरवानगीविना मार्ग का बदलला? नोटीस धक्क्यावर चिकटवण्यात आली. मुदतीत खुलासा आला नाही. प्रवाह गैरहजर मांडला गेला.

मग साहेबांना नियमावलीत एक ओळ सापडली : 'नमुना स्थिरावल्यावर नोंद घ्यावी.'

"स्थिरावणं म्हणजे काय, बाई?"

"तुम्हीच सांगा."

"सरासरीला येणं."

तेव्हापासून बादली कार्यालयात आणून ठेवली जाऊ लागली. आधी नुसतीच, मग पंख्याखाली. पाणी तीसवर गेलं तेव्हा बर्फाच्या लाद्या मागवल्या गेल्या. मागणीपत्रात त्यांना 'स्थिरीकरण साहित्य' म्हटलं होतं. वाऱ्याचं यंत्र वाऱ्याने उगाच विचलित होतं, म्हणून ते कपाटामागे हलवलं. रोजच्या पत्रकात 'समुद्र सरासरी, वारा सरासरी' असं छापून येऊ लागलं, खाली बाईंची सही.

गाव खूश झालं. खानावळवाल्यांची गिऱ्हाइकं टिकली, समुद्राकाठच्या घरांचे भाव टिकले. नागरिकांनी आभारपत्र दिलं, सह्यांनी भरलेलं, चांगलं सात पानांचं.

बाईंचा धाकटा भाऊ होडी घेऊन मासेमारीला जाई. मासे लांब गेल्यावर तोही लांब जाऊ लागला. एका सकाळी बाईंनी बादली ओढली, तर पाणी एकतीस आणि क्षितिज शिसवी. त्या तशाच धावत त्याच्याकडे गेल्या.

"आज जाऊ नकोस रे."

"ताई, पत्रकात सरासरी लिहिलंय."

"पत्रकाला चूल दाखव! पाणी मी स्वतः बघितलंय."

"खाली सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग तुझं ऐकू, की तुझ्या सहीचं?" तो हसला. त्याने दोन खलाशी घेतले आणि दोर सोडला.

दुपारी वादळ आलं. कपाटामागचं यंत्र हललंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी भाऊ एका फळीवर परत आला. होडी आली नाही. खलाशीही आले नाहीत.

रीतसर चौकशी झाली. त्या सकाळची बादली मागवण्यात आली, आणि नोंद सव्वीसच निघाली. कार्यालय निर्दोष ठरलं. बाईंनी एकोणतीस, तीस, एकतीस असे आकडे घरच्या वहीत टिपून ठेवले होते. ती वही त्यांनी चौकशीत मांडली. विनापरवाना निरीक्षण केल्याबद्दल त्यांची बदली अशा गावी झाली, जिथे समुद्रच नाही.

साहेबांना खोली मिळाली. खिडकी मात्र ते बंदच ठेवतात. बाहेर फार उकडतं म्हणे.

आता कुणी काय भरलं ते बघू. भावाने होडी, बाईंनी गाव, दोन खलाशांच्या घरच्यांनी दोन माणसं. समुद्राने काहीच नाही. साहेबांनी बर्फाच्या लाद्या, त्याही कार्यालयाच्या.

राहिलं ते आभारपत्र. साहेबांनी चौकशीत तेच पुरावा म्हणून जोडलं होतं. मी सातही पानं वाचली. सगळ्या सह्या वाचता आल्या, पाचव्या पानावरची एक सोडून. घाईत केलेली दिसते. तुमची नसेल, तर उत्तमच.