बंडूची उडी आणि सोफ्याचे पाय

जयसिंगरावांनी सोफ्याचे पाय करवतीने कापले तेव्हा सुलोचनाबाई देवळात गेल्या होत्या. परत येऊन त्या सवयीने सोफ्यावर टेकल्या आणि अपेक्षेपेक्षा बऱ्याच खाली पोचल्या.

"अहो, हे काय?"

"बंडूसाठी. चढायला-उतरायला त्याला उडीच मारायला नको."

बंडू म्हणजे ग्रेट डेनचं पिल्लू. वय आठ महिने, वजन बेचाळीस किलो. इंदूरजवळच्या महूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं उशिरा पक्की होतात. दीड वर्षाचा होईपर्यंत उड्या बंद."

"आणि माझे घुटने? ते पक्के झाले म्हणून त्यांना कोणी पूछणारच नाही का?"

आधीचा कुत्रा मोती लहानपणी गच्चीच्या जिन्यावरून बिनधास्त उड्या मारायचा, आणि जयसिंगराव कौतुकाने टाळ्या वाजवायचे. म्हातारपणी तो मागचा पाय ओढत गेला. ते दुःख त्यांना अजून सलत होतं. म्हणून पलंग माळ्यावर गेला, गाद्या जमिनीवर आल्या आणि मोटारीत बंडूला ते स्वतः उचलून ठेवू लागले. एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे.

दोन महिन्यांनी चैत्रातलं हळदीकुंकू आलं. आंब्याची डाळ खाऊन, पन्हं पिऊन सोफ्यावरच्या चार बायका निघायला लागल्या, पण एकीलाही उठता येईना.

"सुलोचनाताई, हात द्या ना जरा!"

सुलोचनाबाईंनी हात दिला आणि त्याही खाली बसल्या. शेवटी जयसिंगराव धावले आणि सरावाने पहिलीच्या छातीखाली हात घालणार, एवढ्यात सुलोचनाबाई ओरडल्या, "अहो, तो बंडू नाहीये!"

तेवढ्यात बाहेर कचरागाडीचं गाणं वाजलं. सकाळी पंक्चर झालेली गाडी आज संध्याकाळी आली होती. इंदुरात हे गाणं ऐकून माणूस जेवणाच्या ताटावरूनही उठतो. सोफ्यावरच्या पाचही जणी नुसत्याच हलल्या. बंडू मात्र अंगणात धावला आणि साडेतीन फुटी फाटकावरून सरळ पलीकडे गेला.

"मेलो!" जयसिंगराव फाटकाकडे धावले.

गाडीवाल्या लक्ष्मणने बंडूच्या तोंडात शेव टाकली. "काकाजी, टेन्शन मत लो. ये तो रोज कूदता है. आप नहाने जाते हो ना, तब."

जयसिंगरावांनी त्याच पावली बंडूला महूला नेलं. डॉक्टरांनी सोफ्यापासून फाटकापर्यंतची सगळी हकीकत ऐकत चारही पाय दाबून, वाकवून पाहिले. "नशीबवान आहात, काही झालेलं नाही. पण फाटकावरच्या उड्या आजपासून बंद. आणि सोफा कापायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

जयसिंगरावांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर त्यांनी बंडूला पोटाशी धरलं.

बायका एकमेकींना धरून कशाबशा उठून गेल्या होत्या; सुलोचनाबाई मात्र अजून सोफ्यावरच होत्या. "झालं ना समाधान? आता सोफ्याचे ते कापलेले पाय बाहेर काढा. उद्या सुताराला बोलावते."

जयसिंगरावांनी घसा खाकरला. "ते मी तेव्हाच सुक्या कचऱ्यात दिले. लक्ष्मणच घेऊन गेला."

सुलोचनाबाईंनी दोन्ही हात वर केले.

"उचला. बंडू दीड वर्षाचा होईपर्यंत रोज उचलायचं. आणि उद्यापासून तुमची आंघोळ कचरागाडी गेल्यावर."