‘ब’ वर्गातला नवरा

ती यादी मी घरी आणायलाच नको होती. पण शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी हातात पडलेलं काम ऑफिसात बसून पुरं करायचं, अशी वाईट सवय मला कधीच नव्हती. शिवाय बदनापूरहून जालन्याला येणारी गाडी कुणाच्या यादीसाठी थांबत नाही. म्हणून घडी घातली, डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी आलो.

आमचं ऑफिस म्हणजे विहीर पातळी नोंद प्रकल्प. ठरलेल्या विहिरींत टेप सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते बघायचं आणि वर कळवायचं. (पाणी खाली जातं, कागद वर जातो.) एवढ्या कामाला आम्ही पाच जण. आकांक्षा मॅडम अधिकारी. टेप सोडणारा अंगद. जीप चालवणारा रामकिसन. शिपाई द्वारकाबाई. आणि अंगदने आणलेले आकडे एका रजिस्टरातून दुसऱ्या रजिस्टरात नेऊन ठेवणारा मी, वरिष्ठ लिपिक मार्तंड. ऑफिसात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. मॅडम माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनीच मोठ्या, पण त्याही भाऊसाहेबच म्हणतात.

तर यंदा मार्च संपला आणि प्रकल्पाचा निधी थांबला. नव्या वर्षाची मंजुरी येईपर्यंत कमीत कमी माणसांत ऑफिस चालवा, असं वरून पत्र आलं. प्रत्येकाच्या नावापुढे अक्षर लिहायचं. ‘अ’ म्हणजे अत्यावश्यक, त्याने रोज यायचं. ‘ब’ म्हणजे ज्याच्यावाचून अडत नाही, त्याने बोलावणं येईपर्यंत घरी बसायचं. पगार दोघांचाही मंजुरी आल्यावरच, तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हता. प्रश्न अब्रूचा होता. कारण शेवटचा रकाना असा होता: ‘सदर कर्मचारी पंधरा दिवस न आल्यास काय नुकसान होईल?’

“भाऊसाहेब, तुम्ही कच्ची यादी करा, सोमवारी बघू,” मॅडम म्हणाल्या होत्या.

रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो. बाकीच्यांचं पटकन झालं. अंगद न आल्यास विहिरी मोजल्या जाणार नाहीत. द्वारकाबाई न आल्यास ऑफिस उघडणार नाही. माझ्या नावापुढे मात्र पेन अडकलं. अर्धा तास गेला, चहा गार झाला, पण नुकसान काही सुचेना. स्वयंपाकघरात विमल, म्हणजे आमची सौभाग्यवती, गहू निवडत होती. म्हटलं, हिलाच विचारावं.

“अगं, मी पंधरा दिवस नसलो तर काय होईल?”

“कुठं चाललात?” तिच्या आवाजात काळजी नव्हती. आशा होती.

“कुठं नाही. समज, नसलो तर?”

ती खरंच विचार करायला लागली. “दूध कमी लागंल. रिमोट जागेवर सापडंल. दुपारचं अर्धा तास पडता येईल मला.”

“फायदे नको गं. नुकसान सांग, नुकसान!”

“नुकसान...” तिने सूप खाली ठेवलं. “हां. गॅसची टाकी बदलायला शेजारच्या प्रियाला बोलवावं लागंल.”

“ती पोरगी टाकी बदलते?”

“आतासुद्धा तीच बदलून राह्यली ना.”

“अगं बाई, मी ऑफिसचं विचारतोय!”

“मंग तसं सांगा की. ऑफिसचं मला काय ठाऊक? मी घरचंच सांगणार.”

मग मी तिला सगळं पत्र समजावून सांगितलं. ही दुसरी चूक. कारण आमच्या मागच्याच गल्लीत ड्रायव्हर रामकिसन राहतो, त्याची बायको नंदाबाई आमच्या विमलची मैत्रीण, आणि या दोघींमधली बातमी टेलिफोनच्याही आधी पोचते.

दहा वाजता रामकिसन दारात. “भाऊसाहेब, मला बिलकुल ‘ब’ मधी टाका. चार लग्नं हायेत. दोन जाफराबादला, एक पिंपळगाव रेणुकाईला अन् एक तर सख्ख्या मेव्हणीचं.”

म्हटलं, टाकतो.

तो पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने नंदाबाई आली. “भाऊसाहेब, त्यायला ‘अ’ मधी टाका. हे उन्हाळी कामाचे दिवस. घरी राह्यले की मला पापड लाटायला शिकवत्यात. मागच्या साली दोन बाया अर्ध्यातून उठून गेल्त्या.”

म्हटलं, टाकतो.

अकराला अंगदचा फोन. “भाऊसाहेब, गुरुवारी मुलीकडचे येऊन राह्यले. मुलीचा बाप म्हणतो, सरकारच ज्याच्यावाचून अडत न्हाई म्हणतं, तो जावई आम्ही काय करावा?”

हे मात्र मला पटलं. संध्याकाळपर्यंत यादी झाली. अंगद ‘अ’, द्वारकाबाई ‘अ’, मी ‘अ’, रामकिसन ‘अ किंवा ब’. आणि माझ्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: ‘कार्यालयाचा कणा मोडेल.’

सोमवारी मॅडमनी यादी वाचली. ‘कणा’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, वरून फोन आलाय. तिघंच ठेवायचे. मी, अंगद आणि द्वारकाबाई. अंगद मोटरसायकलवर जाईल, आकडे सरळ कॉम्प्युटरवर भरेल.” माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. “कणा जरा विश्रांती घेईल,” त्या हळूच म्हणाल्या.

रामकिसन त्याच दुपारी जाफराबादच्या बसमध्ये बसला. नंदाबाईने माझ्याशी बोलणं सोडलं. मी घरी येऊन विमलला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “किती दिवस?”

“मंजुरी येईपर्यंत.”

ती गव्हाच्या पोत्यावर बसली.

तिची काळजी अगदीच खोटी नव्हती. मुकुलचं, म्हणजे आमच्या मुलाचं, डिसेंबरात लग्न झालं. सूनबाई सुरुचीच्या माहेरी यंदा पहिल्यांदा कुरडया पाठवायच्या होत्या. विमलने त्यासाठी मंगळवारी सकाळी पाच किलो गहू भिजत घातला. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या संध्याकाळी वाटून चीक काढायचा आणि चौथ्या सकाळी तो शिजवून कुरडया घालायच्या. पाणी बदललं नाही तर गहू आंबून वास मारतो, आणि मग ती कुरडई विहिणीकडे पाठवण्यासारखी राहत नाही. (हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं.)

मंगळवारी मी मसाल्याच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. जिऱ्यावर ओवा आणि ओव्यावर जिरं लागलं, पण अक्षर सुरेख आलं. विमल म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर फिरून या.” बुधवारी मी काही मोठं काम शोधत होतो, तेवढ्यात कॅलेंडरवर नजर गेली. गुरुवारच्या चौकोनात विमलच्या हाताने लिहिलेलं: ‘पा’.

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. म्हणजे उद्या पाणी! आणि गच्चीवरची टाकी तर दिवाळीपासून धुतलेली नाही. विमल सोऱ्या मागायला दोन घरं पलीकडे गेली होती. म्हटलं, ती येईपर्यंत टाकी चकचकीत करून ठेवू. बावीस वर्षं लोकांच्या विहिरींचं पाणी मोजलं, आज स्वतःच्या टाकीत उतरू.

खालची तोटी सोडली. पाणी पन्हाळीतून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. मी आत उतरून ब्रशने घासत होतो आणि फार दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. गाणंसुद्धा म्हणत होतो. खाली लोकांचा आवाज आला, बादल्यांचा खडखडाट झाला. मला वाटलं, कौतुक चाललंय.

मग विमलचा आवाज आला. “अहो! हे पाणी कुणाचं?”

मी टाकीतून डोकं बाहेर काढलं. “आपलंच! टाकी धुतली. उद्या नळ येणार ना!”

“उद्या कुठला नळ?”

“तूच लिहिलंयस कॅलेंडरवर. ‘पा’!”

“अहो, ‘पा’ म्हणजे पापड! पाण्याला अजून पाच दिवस हायेत!”

मी टाकीतच उभा राहिलो. बाहेर येण्यासारखं तोंड नव्हतं.

विमल ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात जाऊन भिजल्या गव्हाच्या पातेल्यांजवळ नुसती बसली. “सुरुचीच्या आईला मी फोनवर सांगून ठेवल्तं,” एवढंच म्हणाली. मी कळशी घेऊन बाहेर पडलो.

सात घरं फिरलो. एप्रिलात पाणी मागणं म्हणजे किडनी मागण्यासारखंच. एका घरी अर्धी कळशी मिळाली, एका घरी चहा मिळाला. प्रियाने मात्र भरलेली बादली पुढे केली. “काका, न्या ही. तुमचीच हाये. रस्त्यावरून भरून ठेवल्ती. गव्हाला चालणार न्हाई, फरशीला वापरा.”

मी परत आलो तर विमल फोनवर बोलत होती, आणि माझ्या ऑफिसात! “द्वारकाबाई, तुमच्या आवारातल्या हिरीला पाणी किती हाय?”

बावीस वर्षं मी त्या विहिरीची पातळी लिहितोय. घरच्या माणसाने कधी म्हणून विचारली नव्हती.

“मस हाय, वैनी,” द्वारकाबाईंचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. “गहू घेऊन जल्दी निघा. मी मॅडमला सांगते.”

एक लग्न उरकून आलेला रामकिसन मेव्हण्याची ॲपे रिक्षा घेऊन आला. नंदाबाईने पातेली धरली, विमल तिच्या शेजारी बसली. मी पाय वर टाकणार, तर नंदाबाई सोमवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, “तुम्ही ‘ब’ मधी ना, भाऊसाहेब? मंग घरी बसा.”

गहू द्वारकाबाईंच्या हवाली करून विमल संध्याकाळी परतली. चेहरा थोडा उजळला होता. माझ्याशी बोलली मात्र नाही. गुरुवारी पापडाच्या बाया आल्या, त्याही आपापलं पाणी घेऊन. मी दिवसभर गच्चीवर कोरड्या टाकीच्या सावलीत बसून काढला.

आणि संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “भाऊसाहेब, उद्या सकाळी या. तुमच्याशिवाय जमणार नाही.”

“म्हणजे मी ‘अ’?”

“अगदी ‘अ’.”

फोन ठेवला आणि विमलकडे बघितलं. “बघ. अडलं ना?”

“बरंय,” ती म्हणाली. दोन दिवसांतला तिचा पहिला शब्द. वर थोडं हसलीसुद्धा. मी ते माफी म्हणून घेतलं.

शुक्रवारी सकाळी उठलो तर ती अंधारातच नंदाबाईबरोबर निघून गेली होती. मी मुकुलच्या लग्नातला पांढरा शर्ट इस्त्री केला. प्रियाला थांबवून सांगितलं, “ऑफिसने बोलावलंय, अत्यावश्यक म्हणून.” गाडीत शेजारच्या तिघांना सांगितलं. त्यांतला एक बदनापूरच्या आधीच झोपला, पण त्याने ऐकलं होतं.

ऑफिसच्या फाटकातून आत शिरलो आणि थांबलो. माझं टेबल अंगणात, भर उन्हात होतं. त्यावर माझी रजिस्टरं नव्हती, पांढरं धोतर अंथरलं होतं. धोतरावर, बाजेवर, व्हरांड्याच्या कठड्यावर, जिकडे बघावं तिकडे कुरडया. पांढऱ्याशुभ्र, गोल, रांगेत. चुलीवर द्वारकाबाई चीक घोटत होत्या. विमल आणि नंदाबाई सोऱ्या दाबत होत्या. अंगद कळशीने पाणी आणून देत होता (गुरुवारी त्याचं जमलं, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं). आणि आकांक्षा मॅडम पायरीवर बसून गरम चीक दूध-साखर घालून खात होत्या.

“या भाऊसाहेब!” त्या म्हणाल्या. “काय कुरडया करतात हो वहिनी!”

“मॅडम, मला बोलावलं होतंत. काम?”

त्यांनी चमच्याने कुंपणाकडे दाखवलं. तिथे पडलेल्या तारेतून एक काळी शेळी आत बघत होती. “सकाळपासून तीनदा आली. द्वारकाबाईंचे हात गुंतलेत, अंगदला आता विहिरींवर जायचंय. माणूसच नाही बघा. वहिनी म्हणाल्या, हे रिकामेच आहेत.”

मी विमलकडे बघितलं. तिने घाम पुसला, उठली, चिकाची वाटी आणि एक काठी माझ्या हातात दिली. “तूप जास्तीचं घातलंय,” म्हणाली आणि पुन्हा सोऱ्याला लागली. एवढ्या शब्दांत माझ्या छातीवरची टाकी उतरली. खुर्ची कडुनिंबाच्या सावलीत ओढून बसलो. चीक गरम होता, वारं बरं होतं, कुरडया चुटकीसरशी वाळत होत्या. खरं सांगतो, बावीस वर्षांत ऑफिसात इतकं समाधान वाटलं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी अर्ज घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, मांडीवर वाटी, असं मला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

“मॅडम, मंजुरी आली वाटतं?” ते पायरीकडे वळून म्हणाले. “नवीन राखणदार ठेवला!”

“नाही बाबा,” मॅडम म्हणाल्या, “माणूस जुनाच आहे. काम आज पहिल्यांदा मिळालंय.”

मी खुर्चीतून उठलो. शर्ट सारखा केला. आपण या कार्यालयाचे वरिष्ठ लिपिक आहोत, बावीस वर्षं सेवा झालेली आहे, हे सांगायला घसा खाकरला.

“अहो!” मागून विमल ओरडली. “भाषण काय करून राह्यले? शेळी!”