मान डोलली, शाळा बदलली

एका जंगलात, बाळांनो, एक नियम होता. वडीलधाऱ्यांनी मान डोलावली की गोष्ट मंजूर. का डोलावली, हे विचारायचं नाही.

झिपरी नावाच्या तरुण मुंगसाला हा नियम डोळे उघडायच्या आधीच शिकवला होता. डोळे उघडल्यावर तिला भलतंच दिसलं. वडीलधाऱ्यांची सभा भरायची ती नेमकी जेवणानंतर, वडाच्या गार सावलीत. बोलणं सुरू व्हायचं, वारा सुटायचा आणि हळूहळू सगळ्यांच्या माना डोलू लागायच्या. मग अध्यक्ष कासवअण्णा म्हणायचे, "एकमताने मंजूर!" अण्णांची स्वतःची मान कवचात असायची. पण अध्यक्षांची मान गृहीत धरायची पद्धत होती.

या जंगलात मोठ्या पिल्लांच्या तीन शाळा होत्या. पाणमांजरांची डोहाकाठी, सशांची माळावर आणि मुंगसांची बांबूच्या बेटात. एके दिवशी अण्णांना वाटलं, मोठ्या पिल्लांचं शिक्षण सुधारलं पाहिजे. शेजारच्या जंगलात सुधारलं होतं, म्हणून वाटलं.

"तीन शाळा म्हणजे तीन तऱ्हा," अण्णा सभेत म्हणाले. "एकच मोठी शाळा करू. सगळ्यांना समान शिक्षण."

"समान म्हणजे काय शिकवायचं?" रानडुक्करकाकांनी विचारलं. ते नुकतेच जागे झाले होते.

"जे सगळ्यांना जमतं ते. बुडी मारणं सशांना जमत नाही, काढून टाका. लांब उड्या पाणमांजरांना जमत नाहीत, काढून टाका. सापाशी झुंजणं तर मुंगसांखेरीज कुणालाच जमत नाही."

काढता काढता तीन विषय उरले. खाणे, झोपणे आणि वाकून नमस्कार.

वारा सुटला. माना डोलल्या. त्यात झिपरीच्या आजोबांचीही होती.

सापांनी या सुधारणेचं मनापासून स्वागत केलं. एकाने तर उद्घाटनाला स्वतःच हार होऊन यायची तयारी दाखवली.

झिपरीचं मात्र हे शेवटचं वर्ष होतं. पावसाळा संपला की प्रत्येक तरुण मुंगसाला करवंदीच्या जाळीत एकट्याने जावं लागे. आत नाग असे. सर्पविद्या शिकवणाऱ्या कानतुटक्या मुंगूसबाईंचा निम्माच अभ्यासक्रम झाला होता. नागाला डिवचायचं कसं, इथपर्यंत. त्याचा फणा चुकवायचा कसा, हा धडा पुढे होता. तेवढ्यात बाई अतिरिक्त ठरल्या आणि समायोजन होऊन बदकांची हजेरी घ्यायला गेल्या.

झिपरी तडक आजोबांकडे गेली.

"आजोबा, तुम्ही मान का डोलावलीत?"

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल गं. असं विचारतात का?"

"झोपला होतात ना?"

"चिंतन चाललं होतं."

"घोरत होतात. बेटापर्यंत ऐकू येत होतं."

"अगं, तुमच्या भल्यासाठीच केलंय सगळं."

"मग नागाला सांगून ठेवाल का? पोरगी वाकून नमस्कार छान करते, तिला सोड म्हणून?"

"तोंड फार चालतं तुझं," आजोबा चिडले. "लग्न जमताना अडचण येईल."

"तोवर जगले तर येईल ना!"

उद्घाटनाला सगळं जंगल लोटलं. अण्णांचं भाषण अण्णांच्याच चालीने पुढे सरकलं. अखेर ते म्हणाले, "आता नव्या शाळेची पहिली विद्यार्थिनी. ये झिपरे, सगळ्यांना नमस्कार करून दाखव."

झिपरी पुढे आली आणि ताठ उभी राहिली.

"नाही करणार. आणि या शाळेत बसणारही नाही. बाईंना आम्ही बदकांकडून परत आणलंय. बांबूच्या बेटात वर्ग सुरू झालाय. मी तिकडे चालले."

"कुणाच्या परवानगीने?" रानडुक्करकाका गुरगुरले.

"आमच्या वेळी अशी उलट उत्तरं..." आजोबांनी सुरुवात केली.

"तुमच्या वेळी धडा पूर्ण शिकवला होता, आजोबा. म्हणून तुम्ही म्हातारे होऊ शकलात."

मग ती सगळ्यांकडे वळली. "पावसाळा संपला की जाळीत मला जायचंय. माझ्याऐवजी तुमच्यापैकी कोण जाणार? त्याने पुढे यावं. त्याला मी आत्ता, इथेच, वाकून नमस्कार करते."

अण्णांनी घसा खाकरला. रानडुक्करकाकांना अचानक जमीन हुंगावीशी वाटली. आजोबांनी नातीकडे पाहिलं आणि डोळे मिटून पुन्हा चिंतन सुरू केलं.

झिपरी बांबूच्या बेटाकडे चालू लागली.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्या मुलांचं शिक्षण सुधारायचं असेल, तर त्यांना कधीही काही विचारू नये. काय हवंय ते ती सरळ सांगून टाकतात, आणि मग मोठ्यांना सुधारायला काही उरतच नाही.