मैनेला करमत नाही

माझी वणीला बदली झाली, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचं लग्नही. सामानाच्या दोऱ्या अजून सुटल्या नव्हत्या, तोच शेजारचे गुलाबराव दारात येऊन उभे राहिले. अंगानं आडदांड, मिशा झुबकेदार आणि आवाज असा, की खुंटीवरचा कंदील हलावा.

"गुर्जी, जरा माह्या घरी बसता काय? मी दाढी करून येतो. मैना एकटीच हाय. एकटं ठेवलं का झुरते ती."

अनोळखी माणसाच्या घरी, त्याच्या मैनेजवळ मी कसा बसणार? मी बायकोला, विमलला पाठवलं. थोड्याच वेळात तिनं भिंतीपलीकडून मला हाक मारली. जाऊन बघतो तर विमल तोंडात पदर कोंबून बसलेली, आणि चुलीच्या उबेला पोट वर करून मैना घोरत पडलेली. करड्या रंगाची, चांगली गलेलठ्ठ मांजर!

गुलाबराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. यंत्रांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. मैनेशी बोलताना मात्र आवाज इतका उतरायचा, की आम्हाला भिंतीला कान लावावा लागे.

"आज पट्टा तुटला वं मैना. मग काय, बसलो शिवत. वरणात मीठ जास्त झालं काय वं?"

जेवायला दोघं समोरासमोर बसायचे. त्यांचं ताट, तिची बशी. ती बशीला तोंड लावेपर्यंत हे घास उचलायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, मांजरच ते. दूध ठेवलं की पिईल आपलं आपण."

"जनावराले दूध टाकून देलं म्हंजे झालं काय?" गुलाबराव कडाडले. "त्याले सोबत लागते गुर्जी, सोबत!"

पुतणीच्या लग्नाला ते मुकुटबनला गेले, तेही टोपलीत मैनेला घेऊन. पंगतीत त्यांनी शेजारची पत्रावळ धरून ठेवली. वाढप्यानं विचारलं, "इथं कोन हाय?" गुलाबराव म्हणाले, "माह्या घरचं मानूस." तेवढ्यात टोपलीतून मैनेनं डोकं वर काढलं. नवरदेवाचा मामा ताडकन उठला. तो उठला म्हणून गुलाबरावही उठले आणि आपली पत्रावळ घेऊन मैनेबरोबर गोठ्यात जेवले.

"मामाले दुसऱ्या पंगतीत बसवलं," परत आल्यावर ते सांगत होते, "पन हिले किती वाईट वाटलं, ते कोनं पाह्यलं?"

कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी यंत्रांना तेल देताना गुलाबराव शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. बाजेवर घालून त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला ट्रकमध्ये चढवलं, तर त्यांच्या हट्टापायी ट्रक आधी आमच्या गल्लीत आला. कळा सोसत, घामाघूम झालेला तो माणूस वरून ओरडत होता, "वैनी, समोर बसा तिच्या! बोला तिच्याशी! काय शिजवलं ते सांगा!"

ट्रक गेला. मैना त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. विमलनं ठेवलेलं दूध तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशीही. साय धरली, माशी पडली, पण ती वळून बघेना. आता आम्हाला हसू येईना. शेवटी विमल आपलं ताट घेऊन तिच्यासमोर बसली. आधी माझ्याकडे ओशाळून पाहिलं, मग मला बाहेर जायला सांगितलं.

"आज वांग्याची भाजी केलीय गं मैना," आतून ऐकू आलं. "इकडची वांगी कशी शिजवतात, ठाऊक नाही मला. विचारणार तरी कुणाला?"

बऱ्याच वेळानं लपलप आवाज आला.

त्यानंतर विमल रोज तिच्यासमोर बसू लागली. मी शाळेत गेलो, की या परक्या गावात तिला दिवसभर बोलायला कोण होतं? मैनेला माझ्या बायकोच्या माहेरची सगळी माणसं नावानिशी माहीत झाली.

एका रविवारी मी यवतमाळला गेलो. गुलाबराव अर्धे झाले होते. खाटेजवळ ताट भरलेलं. सिस्टर वैतागून म्हणाली, "समजवा यांना. रोज दोन घास खाऊन ताट परत करतात. हाड जुळणार कसं?"

गुलाबरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. "मैना खाते?"

"खाते."

"एकटी?"

"छे! विमल समोर बसते." मी स्टूल ओढून बसलो आणि सांगत सुटलो. मैनेनं उंबरा कसा धरला, मग वांग्याच्या भाजीवर कशी राजी झाली, आता विमलच्या मांडीवर कशी झोपते. गुलाबराव ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग दुसरा. मी बोलत राहिलो.

सिस्टर परत आली, तेव्हा ताट स्वच्छ होतं. "काय जादू केलीत?" तिनं विचारलं. मी फक्त एका मांजरीबद्दल बोललो होतो.

दिवाळीच्या सुमारास गुलाबराव घरी आले. त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात कुबडीची ठकठक वाजली. एका काखेत कुबडी, दुसऱ्या काखेत मैना, गळ्यात डब्याची पिशवी.

"वैनी, हिले तुमची सवय लागून गेली. मी एकटा समोर बसून भागत नाही आता. काही दिवस इथं जेवू देता काय हिले?"

आमच्याकडे एकच खुर्ची होती, ती अंगणात आणून त्यांना बसवलं. विमलनं मैनेला बशी दिली, गुलाबरावांनी आपला डबा उघडला. मैनेनं चारदोनदा बशी चाटली, अंग ताणलं आणि कोणाकडेही न बघता भिंतीवरून उडी मारून निघून गेली.

गुलाबराव रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. मग डब्याचं झाकण लावून कुबडी चाचपू लागले. पण विमलनं ती आधीच उचलून दाराआड ठेवली होती.

"भाकरी गरम आहे, भाऊ," तिनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "तिची वाट बघू नका. तुम्ही जेवा. आम्ही बसलोय."